चटका जाणवलाच पाहिजे

कष्टकरी हातांचे आपल्याकडे मोठे कौतुक होते. तव्यावरची भाकर चिमट्याशिवाय उलटणारी बाई, अनवाणी पायांनी वावर तुडवणारा सालदार, चुलीतले जळते लाकूड हाताने मागे सारणारी आजी. "कामाचे हात आहेत, त्यांना कुठे भाजते!" असे आपण म्हणतो आणि त्या माणसालाही त्याचा अभिमान वाटतो. या लेखात मला नेमके या कौतुकाविरुद्ध बोलायचे आहे. ज्या हाताला भाजलेले कळत नाही, तो हात मजबूत झालेला नसतो. तो धोक्यात असतो. दुखले तर दवाखान्यात जायचे आणि दुखत नसेल तर कामावर जायचे, ही आपली जुनी रीत निदान एका बाबतीत उलटी करावी लागेल, असे माझे ठाम मत आहे. कारंजा तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेत आणि कपाशीच्या वावरात राबणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट समजून घ्यावी, म्हणून आधी थोडे शरीराविषयी.

हात मागे कसा येतो?

गरम तव्याला बोट लागले की हात झटकन मागे येतो. आपण विचार करून तो ओढत नाही. हात मागे आल्यावर मग "आई गं" असे तोंडातून निघते. शाळेच्या पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हटले आहे. तिचा रस्ता असा आहे. कातडीत उष्णता, टोचणे, दाब ओळखणारी टोके असतात. ती निरोप उचलतात. बारीक चेतातंतूंमधून तो निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो. तिथल्या तिथे निर्णय होतो आणि दुसऱ्या चेतातंतूंमधून स्नायूला हुकूम सुटतो. स्नायू आखडतो, हात मागे येतो. हे सारे होत असताना मेंदूकडेही एक निरोप निघालेला असतो, पण तो पोहोचून "भाजले" ही जाणीव होईपर्यंत हात सुटलेला असतो. ग्रामपंचायतीने जागेवर काम उरकावे आणि जिल्ह्याला नंतर कळवावे, तसा हा कारभार आहे.

भाजल्यावर आधी सुईसारखी तीव्र कळ येते आणि मागाहून आग होत राहते, हे सर्वांनी अनुभवले आहे. त्याचेही कारण आहे. पहिली कळ आणणारे तंतू निरोप सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर या वेगाने नेतात. मागून येणारी आग वाहणारे तंतू फार सावकाश, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर चालतात. हात वाचवण्याचे काम पहिल्या तंतूंवर भागते. मागची आग त्या हाताला विश्रांती द्यायला लावते.

पायात बाभळीचा काटा रुतला की तो पाय वर उचलला जातो आणि त्याच क्षणी दुसरा पाय ताठ होऊन सगळे वजन पेलतो, म्हणून आपण पडत नाही. डोळ्यात कचरा जाऊ लागला की पापणी मिटते. एकाच डोळ्याला स्पर्श झाला तरी दोन्ही पापण्या मिटतात. उजेड पडला की बाहुली लहान होते. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने टिचकी मारतात आणि पाय उडतो, तीही प्रतिक्षिप्त क्रियाच. जर्मनीत एर्ब आणि वेस्टफाल या दोन डॉक्टरांनी १८७५ मध्ये स्वतंत्रपणे तिचे वर्णन केले. मज्जारज्जूतला हा कारभार पुढे इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडला. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूला या क्रिया काही प्रमाणात दाबता येतात. कडेवर मूल असताना आई हातातले गरम भांडे टाकून देत नाही, चटका सोसून ते खाली ठेवते. सोसणे वेगळे आणि न जाणवणे वेगळे. सोसणाऱ्याला भाजल्याचे माहीत असते, तो नंतर हात पाण्यात धरतो, मलम लावतो, दोन दिवस जपतो. ज्याला जाणवतच नाही, तो त्याच जखमेवर काम करत राहतो.

साखळी तुटते तेव्हा

या साखळीतला पहिलाच दुवा, म्हणजे कातडीतून निरोप नेणारा तंतू मेला, तर पुढचे काहीच होत नाही. स्नायू धडधाकट, मज्जारज्जू धडधाकट, पण हात तव्यावरच राहतो. आपल्या भागात असे दोन आजारांत हमखास घडते: कुष्ठरोग आणि मधुमेह.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधले. या जंतूंना शरीराचे थोडे थंड भाग मानवतात. म्हणून ते कातडीत आणि कातडीजवळून जाणाऱ्या चेतांमध्ये घर करतात. कोपराच्या आतल्या बाजूची नस, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस, घोट्यामागची नस, चेहऱ्याची नस ही त्यांची ठरलेली ठिकाणे. आजार अतिशय सावकाश चालतो. जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. चट्टा फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस त्याकडे पाहत नाही.

लोकांच्या मनात अजून बसले आहे की या रोगात बोटे सडून गळतात. हे खरे नाही. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हात-पाय बारकाईने तपासून दाखवून दिले, की बोटे मुख्यतः इजांनी जातात. वेदना नसल्याने माणूस गरम भांडे धरून ठेवतो, खिळा रुतलेली चप्पल घालून दिवसभर चालतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो तरी जागा होत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोट झिजत जाते. म्हणजे ज्याला आपण रोगाचे भयंकर रूप समजतो, ते बऱ्याच अंशी "हात मागे न येण्याचे" फळ आहे. आणि ते टाळता येते.

डोळ्याचेही तसेच. पापणी मिटण्यासाठी एक चेता निरोप नेते आणि दुसरी चेता पापणी मिटवते. कुष्ठरोगात दोन्ही बिघडू शकतात. मग डोळ्यात धूळ किंवा कुटार गेलेले कळत नाही, कळले तरी पापणी पूर्ण मिटत नाही, बुबुळाला व्रण पडतो आणि नजर जाते.

हातोडीवर विसंबू नका

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे फसगत होते. कुष्ठरोगात गुडघ्याची हातोडीची तपासणी बहुधा चांगलीच निघते. तो निरोप स्नायूच्या आतून, जाड आणि खोलवरच्या तंतूंमधून जातो आणि ते तंतू वाचलेले असतात. गेलेली असते ती कातडीची जाणीव. "डॉक्टरांनी पाय ठोकून पाहिला, सगळे ठीक आहे" एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. कापसाची वात किंवा बॉलपेनचे टोक चट्ट्याला हळूच लावून, रुग्णाचे डोळे मिटवून, "कुठे लागले, बोट ठेवून दाखवा" असे विचारावे लागते. मधुमेहात मात्र टाचेच्या वरच्या शिरेवरची टिचकी लवकर मंदावते आणि पायमोजा चढवावा तशी बधिरता बोटांपासून वर चढते. दोन आजार, दोन खुणा. शेवट मात्र सारखाच, पायाच्या तळव्याला न दुखणारी जखम.

घट्टा आणि बधिरता यांतला फरकही घरच्या घरी ओळखता येतो. कुदळ-विळ्याने पडलेला घट्टा तळहातावर, बोटांच्या मुळाशी असतो आणि तिथे दाबले की कळते. कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला, पाठीवर, मांडीवर घट्टे पडत नाहीत. तिथे स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागले असेल, चालताना चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर तो कष्टाचा परिणाम नाही. ती चेता हाक मारते आहे.

वर्धा जिल्ह्याने तरी विसरू नये

कुष्ठरोगाच्या कामात वर्धा जिल्ह्याचे नाव देशभर आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरुग्णाला जागा मिळाली. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने वर्ध्याहून गावोगावी पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तीन पायांवर काम उभे केले. रुग्णाला गावाबाहेर नेऊन ठेवण्यापेक्षा गावातच, त्याच्या घरी शोधून बरे करायचे, हा त्यामागचा विचार होता. शेजारच्या वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. १९६९ पासून सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. आज बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. कमी चट्टे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या घेतल्या की आजार बरा होतो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना धोका राहत नाही. मुळात बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला रोखण्याची ताकद असतेच.

मग चिंता कशाची? चिंता अशी, की डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण झाले, निर्मूलनाची घोषणा झाली आणि आपण सर्वांनी हा विषय मिटला असे धरून टाकले. प्रत्यक्षात जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, दरवर्षी लाखाच्या आसपास. गोळीने जंतू मरतो, पण मेलेला तंतू गोळीने परत येत नाही. बधिरता किंवा अशक्तपणा येऊन सहा महिने झाले नसतील तर वेगळे औषध देऊन चेता बऱ्याच वेळा वाचवता येते. उशीर झाला की हात जन्मभर बधिर. मजुराच्या घरात हात गेला म्हणजे चूल गेली. म्हणून माझ्या लेखी निदान किती झाले यापेक्षा निदान किती वेळेवर झाले हा खरा हिशेब आहे.

काय बदलले पाहिजे

पहिली गोष्ट पाहणीची. आशाताई दारात येतात, "कोणाला चट्टा आहे का?" विचारतात, घरातून "नाही" असे उत्तर येते आणि भिंतीवर खूण होते. यात आशाताईंचा दोष नाही. त्यांच्या डोक्यावर कामांचा ढीग आहे आणि मोबदला तुटपुंजा. पण पाठीवरचा न दुखणारा चट्टा ज्याचा त्यालाही दिसत नाही, तो दारात उभे राहून कसा सापडणार? पाहणी उजेडात, आडोशाला, अंगावरचे कपडे सैल करून आणि स्पर्श तपासून झाली पाहिजे. बायकांची तपासणी बाईनेच करावी. मजूर दिवसभर वावरात असतात, म्हणून ती सकाळी कामावर जाण्याआधी किंवा सुटीच्या दिवशी व्हावी. तेवढा वेळ आणि तेवढा मोबदला शासनाने दिला पाहिजे.

दुसरी गोष्ट मजुरीची. दवाखान्यात गेले की रोज बुडतो. ज्याला दुखतच नाही, तो रोज बुडवून का जाईल? संशयित रुग्णाला तपासणीच्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मिळावे, अशी माझी मागणी आहे. वाकडी बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी शासन रुग्णाला मदत देते, ही चांगली गोष्ट आहे. पण बोटे वाकण्याच्या आधीच्या एका दिवसासाठी काही नाही. त्या एका दिवसाने पुढची शस्त्रक्रिया टळली असती.

तिसरी गोष्ट मधुमेहाच्या रुग्णांची. रक्तातली साखर मोजली, गोळ्या दिल्या, रुग्ण गेला, असे अनेक ठिकाणी चालते. पायातली चप्पल काढून तळवा पाहिल्याशिवाय आणि स्पर्श तपासल्याशिवाय मधुमेहाची तपासणी पुरी झाली असे समजू नये. रुग्णानेही "डॉक्टर, पाय पाहा" असे स्वतःहून म्हणावे. तो आपला हक्क आहे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो: "गावात तपासणी करून नाव बाहेर आले तर पोरीचे लग्न अडेल, घर वाळीत पडेल." हा आक्षेप खोटा नाही. बदनामीची भीती खरी आहे आणि म्हणूनच तपासणी आडोशाला, नाव गुप्त ठेवून व्हावी. पण लपवण्याने काय होते ते पाहा. लपवलेला चट्टा चार-पाच वर्षांनी वाकड्या बोटाच्या रूपाने सर्व गावाला दिसतो. वेळेवर बरा केलेला चट्टा कोणालाच दिसत नाही. कायदाही बदलला आहे. रुग्णांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यांतून काढून टाकण्यात आले.

आणि स्पर्श नाकारला जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तिचीच एक शाखा रोगाच्या नावाने आपल्या अंगणात वाढू देणे आपल्याला शोभत नाही. 'उदान' या पाली ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. राजगृहात माणसे जमलेली पाहून काही खायला मिळेल या आशेने तो तिकडे गेला. भगवान बुद्धांनी त्या सभेकडे पाहिले, धम्म समजू शकेल असा माणूस म्हणून त्यालाच ओळखले आणि त्याला उद्देशून उपदेश केला. सभेत तो बसला होता, हे महत्त्वाचे. आपल्या विहारातही त्याला तसेच बसता आले पाहिजे. म्हणून माझी सूचना अशी, की ३० जानेवारीच्या कुष्ठरोग निवारण दिनाला आणि १४ एप्रिलच्या जयंतीच्या आठवड्यात प्रत्येक विहारात ग्रामीण रुग्णालयाच्या मदतीने हात, पाय आणि डोळे तपासण्याचे शिबिर व्हावे. मिरवणुकीच्या खर्चातला छोटासा वाटाही त्याला पुरेल.

घरात आजपासून करता येईल असे

महिन्यातून एकदा घरातल्या माणसांनी एकमेकांची पाठ, हातांची मागची बाजू आणि तळवे उजेडात पाहावेत. बधिर चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. भोंदू औषधवाल्याकडे वेळ घालवू नये.

ज्यांची जाणीव गेलीच आहे, त्यांनी डोळ्यांना हातांचे काम द्यावे. भांडे उचलताना सांडशी किंवा जाड फडके, चुलीपाशी लांब दांड्याची पळी, कुदळ-विळ्याच्या मुठीला कापड. नहाणीचे पाणी किती गरम आहे, ते ज्याला स्पर्श कळतो अशा माणसाकडून पाहून घ्यावे. चप्पल घालण्याआधी झटकावी, तिच्यात हात घालून न पाहता डोळ्यांनी पाहावे. शासनाकडून मिळणारी मऊ रबराची चप्पल मागून घ्यावी आणि वावरातही घालावी. रात्री तळव्यांची जखम, फोड, लाली पाहावी. कुष्ठरोगामुळे कोरड्या पडलेल्या हातापायांना जखम नसेल तर पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवून ओलसर असतानाच तेल लावावे. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाय भिजत ठेवू नयेत. धुऊन, बोटांमधून नीट कोरडे करावेत. पापणी मंद असेल तर आठवणीने मिटत राहावे आणि उफणणी-मळणीला चष्मा लावावा.

गोळ्या सुरू असताना लघवी लाल होते, कातडी काळवंडते. लघवीचा रंग लगेच, तर कातडीचा औषध संपल्यावर हळूहळू पूर्ववत होतो. तेवढ्यासाठी औषध सोडू नये. मध्येच चट्टे लाल होऊन सुजले, नस दुखू लागली किंवा हाताची ताकद अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि गोळ्या चालू ठेवाव्यात. घरातल्या इतरांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस दिला जातो. तो नाकारू नये.

वाचक बंधू-भगिनींनो, सोसण्याची सवय आपल्या पिढ्यांना सक्तीने लागली. तिचे गोडवे गाणे आता थांबवू या. पुढच्या वेळी कोणी "माझ्या हाताला भाजत नाही" असे अभिमानाने म्हणाले, तर कौतुक करू नका. त्याला डोळे मिटायला सांगा, कापसाची वात घ्या आणि विचारा, "सांग, कुठे लागले?"